हूं म्हणण्यापुरते प्रश्न

दाताच्या दवाखान्यात माणूस खुर्चीत आडवा झाला की त्याच्या तोंडात एक आरसा, एक नळी आणि डॉक्टरांची दोन बोटं असतात. अशा वेळी त्याला प्रश्न विचारणं म्हणजे शुद्ध अन्याय. पण कुणीच काही विचारलं नाही तर माणूस मशीनच्या आवाजाकडे कान लावतो आणि खुर्चीचे हात घट्ट धरून बसतो. ताईने यावर तोडगा काढला होता. ज्यांचं उत्तर नुसतं ‘हूं’ असतं, असेच प्रश्न ती विचारायची. “यंदा थंडी जरा जास्तच आहे, नाही?” हूं. “पार्किंग मिळालं ना पटकन?” हूं. “मुलगी आता वरच्या वर्गात गेली असेल?” हूं, हूं. तोवर दाढ डॉक्टरांच्या हातात आलेली असायची.

घरातली ती मधली. तिला घरात ताई म्हणत, म्हणून दवाखान्यातही ताई म्हणू लागले, आणि डॉक्टर तिच्याहून चांगले मोठे असूनही तेही ताईच म्हणत. नवरा गेल्यापासून ती आईकडे राहत होती. ट्रे मांडायचा, नळी धरायची, “चूळ भरा” म्हणायचं आणि पेशंटला बोलण्यात गुंतवायचं, एवढ्या कामावर दोघींचं घर चालत होतं.

गेल्या काही वर्षांत शहराची मात्र दोन शकलं झाली होती. निवडणूक होऊन गेली तरी तिची धूळ खाली बसायला तयार नव्हती. किराणा कुठून घ्यायचा आणि केस कुठे कापायचे, हेही लोक बाजू बघून ठरवत. दवाखान्यात टीव्ही होता. एकदा त्यावरच्या बातम्यांवरून दोन पेशंट हमरीतुमरीवर आले. दोघांचेही गाल टम्म सुजलेले, शब्द धड फुटत नव्हते, एकाला दुसऱ्याचं काय चाललंय हे कळतही नसावं, पण माघार घ्यायला कुणी तयार नव्हतं. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी टीव्ही काढला आणि त्या जागी माशांची पेटी ठेवली. मासे कुणाच्याच बाजूचे नव्हते. ताईला तर आयता विषय मिळाला. तो तिने घरीही नेला, आणि तेव्हापासून घरचे तिला माशांचं विचारू लागले.

घरी अशा विषयांची गरज दवाखान्यापेक्षा जास्त होती. मोठा भाऊ, दादा, एका बाजूचा आणि धाकटा बाळ्या दुसऱ्या. बाळ्या पन्नाशीला आला होता, लग्न केलं नव्हतं, छापखान्यात पुस्तकं बांधायचा आणि डोक्यावर केस उरले नव्हते, तरी बाळ्याच. वर्षाअखेरच्या सुट्टीत सगळ्यांनी आईकडे एकत्र जेवायचं, हे वडील असल्यापासून चालत आलेलं. या जेवणासाठी ताईने प्रत्येकाला एकेक विषय नेमून दिला होता. दादाला गुडघे. वहिनीला गच्चीची गळती. बाळ्याला त्याच्या बाल्कनीतलं डाळिंब, कारण कुंडीतल्या त्या झाडावर त्याचा जीव होता. गाडी भलत्या रस्त्याला लागली रे लागली की ताई डाव घेऊन पुढे व्हायची, ताटात भात वाढायची आणि वर गुडघ्यांची चौकशी करायची. तोंडात घास असलेला माणूस हूं म्हणण्यापलीकडे काय करणार?

मागच्या वर्षी तिचा डाव अर्ध्या क्षणाने चुकला. बाळ्या काहीतरी बोलला, दादा ताट तसंच टाकून उठला आणि वहिनीला घेऊन चालता झाला.  आईने दादाचं उष्टं ताट उचललं, घासलं, पुसलं आणि मग म्हणाली, “पुढच्या वर्षी यातलं कुणी ताटावरून उठलं तर हे जेवण बंद. मला या वयात दोन पोरांसाठी मांडून एकाला जेवू घालायची हौस नाही.” आई बोलली की बोलली. वडिलांच्या औषधाबाबतही ती एकदाच बोलायची.

त्यामुळे या वर्षीच्या जेवणाची ताईला महिनाभर आधीपासून धास्ती होती. तशात डॉक्टरांनी दवाखाना बंद करायचं ठरवलं. त्यांचा फोटो एका बाजूच्या सभेत कुणालातरी दिसला आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांचे दात एकाएकी दुखायचे थांबले. वर्षभर त्यांनी रेटून बघितलं. मग म्हणाले, “ताई, या वर्षाअखेरीला कुलूप.” माशांची पेटी एका शाळेला देऊनही टाकली. ताईने घरात याचा शब्द काढला नव्हता. आईलाही सांगितलं नव्हतं. जेवण तेवढं सुखरूप पार पडू दे, मग सांगू, असं तिने ठरवलं होतं.

जेवणाला सुरुवात तर झकास झाली. गुडघ्यांनी चांगली साथ दिली, दादाने एक्सरेपर्यंत सगळं सविस्तर सांगितलं. गच्ची अजून गळत होती, देवाची कृपा. आई एकेकाच्या ताटाकडे बघत होती. इतक्यात वहिनीच्या तोंडून रस्ता रुंद करण्याचा विषय निघाला, आणि रस्त्यालाही त्या शहरात दोन बाजू होत्या. ताईने चपळाईने बाळ्याच्या ताटात डाव रिकामा केला.

“डाळिंब कसं आहे रे?”

“मस्त,” बाळ्या म्हणाला. “फुलं आलीत.”

“कुठली फुलं?” दादा म्हणाला. “पानं पिवळी पडलीत सगळी. रविवारी सांगितलं नाही का तुला? रोज पाणी घाल म्हणालास. मुळं कुजली असतील.”

 वहिनीने ताटात मान घातली. ताई डाव हातात धरून तशीच उभी राहिली.

“दादा, तू कधी बघितलंस त्याचं डाळिंब?”

“कधी म्हणजे? माझ्याच गच्चीवर आहे. चांगलं दीड वर्ष झालं.”

मग एकेक बाहेर आलं. बाळ्याने बाल्कनीत आपल्या बाजूचं बॅनर लावलं होतं आणि घरमालक दुसऱ्या बाजूचा निघाला. घर सोडावं लागलं. तेव्हापासून तो छापखान्याच्या मागच्या खोलीत राहत होता. तिला खिडकीसुद्धा नव्हती, कुंड्या कुठल्या ठेवणार? टेम्पोवाला दादाच्या ओळखीचा, म्हणून बाळ्याने दादाला फोन केला. दादा स्वतः टेम्पोतून आला, कुंड्या चढवल्या, आणि दोघे वाटभर एवढे भांडले की टेम्पोवाला वैतागून म्हणाला, तुम्ही उतरून भांडा. तेव्हापासून दर रविवारी फोन. आधी जरा वेळ झाडांची विचारपूस, मग कान तापेपर्यंत भांडण.

“मला का नाही सांगितलंस?” ताईने विचारलं. तिचा आवाज चढला होता, आणि हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

“तू विचारलंस कुठे?” बाळ्या म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. “तू डाळिंबाचं विचारायचीस. डाळिंब बरं होतं.”

ताईला ते लागलं. एक मागचं वर्ष सोडलं तर दोघांच्या मध्ये बसून इतकी वर्षं तिने भांडण होऊ दिलं नव्हतं, आणि भावाला घर नाही हे ज्याला माहीत होतं तो त्याच्याशी भांडणाराच होता.

“पण बॅनर लावायला सांगितलं होतं कुणी?” दादा सुरू झाला. “दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि...”

“भाडं देत होतो मी! तुझ्या लोकांना सगळी भिंतच हवी असते.”

“माझे लोक? माझ्या लोकांनी टेम्पो आणला तुझा!”

“यंदा थंडी जरा...” ताई म्हणाली.

“ताई, तू बस बघू,” आई म्हणाली. “बसून जेव. त्यांचं त्यांना बोलू दे.”

ताई बसली. रस्ता झाला, निवडणूक झाली, मागच्या वर्षीचं राहिलेलं तेही झालं. दादाचा चेहरा लाल झाला. त्याने खुर्ची मागे सरकवली आणि टेबलाला हात टेकून उभा राहिला. आईने चमचा खाली ठेवला.  दादाने हात लांबवून भाताचं भांडं ओढलं, ताटात घेतलं आणि पुन्हा खाली बसला.

“मूर्ख आहेस तू,” तो बाळ्याला म्हणाला. “आणि ते झाड तुझ्यामुळे मरणार आहे.”

आईने चमचा उचलला. ताटं दोन्ही स्वच्छ झाली.

निघताना तिघं भावंडं दाराशी आली. बाळ्या खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. दरवर्षी निघताना विचारायचा तसंच त्याने विचारलं, “मासे कसे आहेत तुझे?”

“मजेत,” ताई सवयीने म्हणाली.

“हूं,” बाळ्या म्हणाला आणि दुसरा बूट ओढला.

ते ‘हूं’ ताईने आयुष्यभर लोकांकडून ऐकलं होतं. आज पहिल्यांदा ते तिच्या उत्तरावर आलं. दादा वहिनीला हाक मारत होता. आणखी जरा वेळाने दोघे जिना उतरून गेले असते, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मासे.

“मासे नाहीत आता,” ती म्हणाली. “दवाखाना बंद होतोय. या महिन्याअखेरीला. पुढे काय करायचं मला माहीत नाही.”

बाळ्या वर बघू लागला. दादाचा एक बूट पायात होता, एक हातात.

“कधी ठरलं हे?”

“झाला महिना.”

“आणि आत्ता दारात सांगतेस?” दादा ओरडला. “त्या डॉक्टरला कुणी सांगितलं होतं सभेला जायला? तुझेच ना रे ते लोक!”

“आणि पेशंट कुणी तोडले? तू स्वतः दाढ दुसरीकडे दाखवून आलास, मला माहीत नाही का?” बाळ्या म्हणाला.

“माझी दाढ तिच्या नोकरीच्या आड येते का?”

“आलीच ना!”

समोरचं दार किलकिलं झालं. “दार लावा आणि आत येऊन भांडा,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “ताई, मला का नाही सांगितलंस हे मी नंतर विचारते. चहा ठेवतेय.”

दादाने हातातला बूट खाली टाकला आणि पायातला काढायला बसला. बाळ्याने नुकत्याच बांधलेल्या नाड्या पुन्हा सोडल्या. छापखान्यात जागा आहे का, दादाच्या ओळखीचे दुसरे डॉक्टर कसे आहेत, आणि ते कुठल्या बाजूचे आहेत, यावरून आत पुन्हा जुंपली. ताईला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. भांडण तिच्यावरून चाललं होतं. तिने खुर्ची ओढली, दोघांच्या मध्ये बसली आणि ऐकू लागली.