पाणी सरळ गेलं तर

राव सार वर्गात आले की फळ्याकडे बघतही नसत. पहिल्या बाकावरच्या कुणाला तरी उभं करत आणि म्हणत, "तू मुंगी. डोशाच्या तव्यावर पडलीस. कुठे पळशील?"

"कडेला, सार."

"कड कुठे दिसते तुला? पायाखालचं तेवढं कळतं."

मग वर्गच हळूहळू सांगे, की मुंगीने आजूबाजूला पाय टेकवून बघावं, कुठल्या बाजूला चटका सर्वांत झपाट्याने वाढतो ते ओळखावं आणि बरोबर उलटं पळावं. "ती चटका वाढायची दिशा, आणि तो किती झपाट्याने वाढतो ते, दोन्ही मिळून ग्रेडियंट. अष्टे!" म्हणजे एवढंच. हा कन्नड शब्द ते असा म्हणत, की पुढचं सगळं सोपंच असणार असं मुलांना वाटे.

म्हैसूरच्या एका खासगी इंजिनियरिंग कॉलेजात आम्ही दोघं गणित शिकवत होतो. ते माझ्याहून बरेच मोठे, जुन्या म्हैसूर फौजेतल्या मराठी घराण्यातले. वर्गात इंग्रजी आणि कन्नड, माझ्याशी घरची मराठी, आणि तीही निम्मी कन्नडच. डायव्हर्जन्स शिकवताना त्यांची बन्नूरची बस यायची. "स्टॉपवर चढले किती ते नको, उतरले किती तेही नको. फरक सांग. बिंदूभोवती एवढीशी पेटी धर, बाहेर जास्त गेलं की आत जास्त आलं? नोडु, बघ जरा, कंडक्टरला जमतं ते तुला का जमू नये?"

कर्लसाठी, म्हणजे प्रवाह एखाद्या बिंदूपाशी किती गरगर फिरवतो त्या मापासाठी, मात्र त्यांच्याकडे असं काही नव्हतं. मी आकड्यांचा माणूस, मला उपमा सुचत नाहीत. पण एके वर्षी एक वाक्य सुचलं. 'पाणी वळलं तर कर्ल, सरळ गेलं तर शून्य.' राव सार खूश झाले. "नागेशा, हे तर देवळावर कोरून ठेवावं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनीही ते वर्गात घेतलं. दरवर्षी दोन्ही तुकड्यांतली मुलं ते तोंडपाठ म्हणत. मला त्याचा अभिमान होता.

त्यांच्या निवृत्तीच्या थोडं आधी ते कुणाच्या तरी अस्थी सोडायला टी. नरसीपूरला, नद्यांच्या संगमावर गेले होते. सोमवारी स्टाफरूममध्ये आले ते पिशवी खाली न ठेवताच माझ्यासमोर उभे राहिले.

"नागेशा, आपलं वाक्य खोटं आहे रे."

काठाजवळ फुलांचा द्रोण सोडला होता. पाणी अगदी सरळ चाललं होतं आणि द्रोणही सरळच चालला होता, पण चालता चालता स्वतःभोवती गरगरत होता. काठाकडचं पाणी हळू, आतलं जोरात. एका बाजूने जास्त ढकलल्यावर तो फिरणारच. पाणी वळत नव्हतं आणि कर्ल होता. मी कागद ओढला. काठापासून जसजसं आत जावं तसतसा वेग वाढतो असं धरलं, तर कर्ल शून्य येत नाही, हे एका ओळीत दिसतं. हे उदाहरण आम्ही दरवर्षी मुलांकडून सोडवून घेत होतो. फळ्यावर उत्तर बरोबर लिहायचो आणि त्याच तासाला तोंडाने चुकीचं बोलायचो.

"मुलांना सांगायला पाहिजे," ते म्हणाले.

"राहू द्या हो सार. परीक्षेत गणित विचारतात, वाक्य नाही विचारत."

"मत्ते, मग आपण ते शिकवलं कशाला?"

"तुम्ही आता निवृत्त होताय. जाता जाता कशाला?"

"अय्यो, मग कधी सांगू? गेल्यावर?"

शेवटच्या आठवड्यात त्यांनी दोन्ही तुकड्या एका हॉलमध्ये बसवल्या. मी मागच्या बाकावर होतो. त्यांनी वाक्य फळ्यावर लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "हे मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. माझी चूक." मग द्रोणाची गोष्ट सांगितली. माझ्या तुकडीतला एक मुलगा ओरडला, "सार, ते तर नागेश सारांचं वाक्य!" सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले.

राव सारांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "वर्गात जो बोलला त्याचं वाक्य. बोललो मी. अष्टे."

मला उठायचं होतं. मी समोरच्या वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखा बसून राहिलो.

घरी जेवताना बायकोला सांगितलं. तिने आमटी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे वाक्य तुमचं आणि माफी त्यांची? छान की."

राव सार मुलीकडे हुबळीला गेले. फोन करत, पण त्या दिवसाबद्दल त्यांनी एक अक्षरही कधी काढलं नाही, मीही काढलं नाही. मागच्या वर्षी ते वारले.

मी कर्ल अजून शिकवतो, आणि आता बरोबर शिकवतो. सुरुवातीलाच सांगतो, "काही जण असं समजतात की पाणी सरळ गेलं तर कर्ल शून्य." आणि मग ते का चूक आहे ते. हे 'काही जण' मी जपून निवडलेले शब्द आहेत. हिशेबात मी कधी अशी पळवाट ठेवत नाही.

गेल्या आठवड्यात पुढच्या बाकावरच्या एका मुलीने सहज विचारलं, "कोण समजतं असं, सार?"

उत्तराला एक शब्द पुरला असता. माझ्या तोंडून आलं, "होते आमचे एक जुने सार."

वर्ग खदखदून हसला. त्यांतल्या एकानेही राव सारांना कधी पाहिलं नव्हतं.