झाडाला एक ठेवायचं

शालन गेल्याचं मला इम्रानने सांगितलं. इम्रान माझा मुलगा. मी स्वयंपाकघरात खाली बसून कोळंबी सोलत होते आणि तो दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "अम्मा, शालनमावशी सकाळी गेल्या. महेशचा मेसेज आला." मी विचारलं, "घरात की दवाखान्यात?" तो म्हणाला, "घरात. गावाला." मी म्हटलं, बरं झालं. त्याला ते आवडलं नाही, तोंडावर दिसलं. मी उरलेली कोळंबी सोलली, धुतली, हळद-मीठ लावून ठेवली. अर्ध्यात सोडली तर वास मारते. महेश शालनचा मुलगा, आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. पण मेसेज त्याने इम्रानला केला, मला नाही. तो माझ्याशी बोलत नव्हता. का बोलत नव्हता तेच सांगायला बसले आहे.

आमची ओळख कुवेतच्या महबूला भागातल्या बकाल्यात झाली. बकाला म्हणजे इमारतीखालचं किराणा दुकान. नवरा वारल्यावर मुलाने शालनला इथे आणलं होतं, नवीनच होती. काउंटरवरच्या केरळी माणसाला ती खणखणीत मराठीत सांगत होती की तुझं ज्वारीचं पीठ जुनं हाय, कडू लागतंय. तो "हां अम्मा, हां अम्मा" म्हणत तेच पीठ पिशवीत घालत होता. मी म्हटलं, "बाई, त्याला मराठी कळत नाही." तिने माझ्या डोक्यावरच्या ओढणीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुला कळतंय की. मग तू सांग त्याला." मी सांगितलं, पीठ बदलून मिळालं. मी रायगडच्या खाडीकाठची. आमच्या गावात उर्दू शाळा नव्हती, म्हणून मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढे लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागे इथे आले. नवरा इथेच गेला, इथेच मातीत आहे. शालन लातूरकडची. तिची बोली मला आधी भांडल्यासारखी वाटायची. तिला माझी गिळून बोलल्यासारखी वाटायची. सकाळी मुलं-सुना कामाला गेल्या की ती खाली यायची. एकीने भाजी निवडायची, दुसरीने बोलायचं. तिची नात तिला इंग्रजीत उत्तर द्यायची, म्हणून दिवसभराचं मराठी ती माझ्यावर काढायची.

पहिल्या थंडीत तिने इम्रानला विचारलं, "तुझी गाडी वफ्र्याच्या शेतावर जातीया नव्हं? मला ने." इम्रान हॉटेलांना भाजी पुरवतो. दर शुक्रवारी वफ्र्याला, इथल्या शेतांच्या भागात, जातो. मी म्हटलं, शेतात तुझं काय काम? तेव्हा तिने येळवस सांगितली. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या कोकणात नाही ती, तिच्या भागात असते. त्या दिवशी अख्खं गाव घरांना कुलपं लावतं आणि शेतात जाऊन जेवतं. भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, आणि ताकात ज्वारीचं पीठ नि लसूण घालून केलेली आंबील. जेवायच्या आधी रानाला आंबील शिंपडायची. स्वतःचं रान नसलं तर दुसऱ्याच्या रानात जायचं, पण घरात जेवायचं नाही. "घरात खाल्लं तर ते नुसतं जेवण झालं," म्हणाली. अमावस्या शुक्रवारी येतेच असं नाही. त्यावर तिचं म्हणणं, "इथला शुक्रवार म्हणजे सुट्टी. रानाला काय, कवा बी गेलं तरी रान घरीच आसतंय."

इम्रानच्या ओळखीचं एक शेत होतं, तिथे लोकांना स्ट्रॉबेरी स्वतः तोडू देतात. फाटकावर रिकामा डबा घ्यायचा, आत जाऊन भरायचा, जाताना वजन करून पैसे द्यायचे. प्लास्टिकच्या लांब बोगद्यांत वाफे. कुवेती कुटुंबं लेकरं घेऊन यायची, फोटो काढायची. आम्ही दोघी आत शिरलो. शालनने पाच मोठ्या स्ट्रॉबेऱ्या वाफ्याच्या कडेला ओळीने मांडल्या. गावाकडे पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून बसवतात. इथे सगळी रेती, दगड कुठला? मग आंबिलीचा तांब्या काढला, कोथिंबिरीची जुडी त्यात बुडवली आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत वाफ्यांवर शिंपडत सुटली. तिथला बांगलादेशी कामगार धावत आला. "अम्मा, ये क्या डालता? दवाई?" शालन म्हणाली, "दवाई न्हाई बाबा, आंबील." तो माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "छाछ है. खेत को पिला रही है." तो म्हणाला, "खेत को छाछ कायको? ड्रिप लगा है ना." मी इतकी हसले की मला बसावं लागलं. तेवढ्यात शेताचा म्हातारा मालक आला, अंगातला पायघोळ दिशदाशा रेतीत लोळतोय. शालनने पेला भरून त्याच्यापुढे धरला. त्याने वास घेतला, "लबन?" म्हणाला आणि प्यायला. लसणाने ठसका लागला. डोळे पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला. कामगाराला अरबीत म्हणाला, शिंपडू दे, ताकाने रोप मरत नाही. एवढं अरबी मला कळतं. पुढे दर वर्षी तो आम्हाला बघितलं की लांबूनच ठसका लागल्यासारखं करायचा.

तोडण्यावरून मात्र आमचं दर वर्षी भांडण. डिसेंबर-जानेवारीत फळ नुकतं लागलेलं असतं, निम्मं पांढरं. पिकलेली शोधावी लागतात. माझे गुडघे धरलेले, म्हणून मी प्लास्टिकचं स्टूल घेऊन जायची. ती उकिडवी बसून सरकत सरकत जायची, पान उचलून खालचं फळ देठासकट खुडायची. आणि प्रत्येक रोपावर एक पिकलेलं तसंच ठेवायची. मी म्हटलं, "ते लाल दिसत नाही का?" म्हणाली, "दिसतंय. झाडाला एक ठेवायचं आसतंय. बोरीला ठेवतेत, चिंचेला ठेवतेत. पार रिकामं करून जाऊ न्हाई."

"मागून दुसरा येईल आणि तोडील."

"तोडंना का. आपण तर न्हाई तोडलं?"

मी एकही ठेवायची नाही. माझा डबा आधी भरायचा आणि ती टोमणा मारायची, "जुबेदाबी, तुझ्या मागनं पाखरू आलं तर उपाशी मरंल." मी म्हणायची, इथे जाळी आहे, पाखरू येत नाही. मग शेताबाहेरच्या एका झाडाखाली चटई टाकून जेवायचो. इम्रानला तिची भज्जी इतकी आवडायची की तो भाजीच्या खोक्यांकडे बघायचा नाही.

एका वर्षी थंडीच्या आधी आमच्या शेजारच्या इमारतीतला एक मराठी माणूस ऑफिसात बसल्या जागी गेला. इथे हिंदू माणसाला जाळत नाहीत, गावाला पाठवावं लागतं. कागदपत्रं झाली, बरेच दिवस गेले, मग लाकडी खोकं विमानात गेलं. शालन त्याच्या बायकोजवळ जाऊन बसायची. त्या येळवशीला जेवताना ती मला म्हणाली, "तुझं बरं हाय बाई. तुला हितंच आडवं करतेत."

मी म्हटलं, "तू पण ये बाजूला. जागा बघून ठेवते."

हसली. मग म्हणाली, "मी खोक्यात जायची न्हाई बघ. सामानासंगट. मी सीटवर बसून जायची, खिडकीच्या. माझं काही वाकडं झालं तर ही पोरं तोंड उघडायची न्हाईत. माझ्या मालकाला पण शेवटपर्यंत कावीळच म्हणत होते. तू सांगशील. तुला गोड बोलाय येत न्हाई."

मी म्हटलं, विचारलंस तर सांगेन. एवढंच ठरलं होतं.

गेल्या वर्षी पावसाळ्याचे महिने, म्हणजे इथला कडक उन्हाळा, तिने जेमतेम काढले. जेवण तुटलं, ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलं. महेशने सगळ्या तपासण्या केल्या. मग एक दिवस ती वर झोपली असताना तो माझ्याकडे आला. पोटात गाठ आहे, पसरली आहे, म्हणाला. तिला गॅसेसचा त्रास आहे असं सांगितलंय. इथले डॉक्टर चांगले आहेत, गावाकडे काही सोय नाही, मला रजाही मिळत नाही... मावशी, तुम्ही बोलू नका. पोरगा वाईट नाही. आईला जवळ ठेवायची होती त्याला, आणि नाव घेतलं नाही तर दुखणं थांबेल असं कुठेतरी वाटत होतं. मी त्याला तोंडावर सांगितलं, "मी आपणहून बोलणार नाही. तिने विचारलं तर खोटंही बोलणार नाही." तो म्हणाला, "ती नाही विचारणार." त्याला आपली आई माहीत नव्हती.

या येळवशीला यायची तिच्यात ताकद नव्हती, तरी आली. आंबील मीच शिंपडली. तोंडाने काय म्हणायचं ते मला येत नव्हतं, मी बिस्मिल्ला म्हटलं. ती म्हणाली, चालतंय. माझ्या स्टुलावर ती बसली आणि मी कशीबशी खाली बसून तोडायला लागले. ती माझ्या डब्यातली फळं बघत होती. मग म्हणाली, "जुबेदाबी, गॅस म्हणायलेत. गॅसनं माणूस निम्मं होतंय का गं?"

"नाही."

"मग?"

"गाठ आहे. पोटात. पसरली आहे."

तिने माझ्या डब्यातली एक स्ट्रॉबेरी घेतली, पदराला पुसली, खाल्ली. देठ मुठीत धरून ठेवला. "किती दिस?"

"ते डॉक्टरला पण माहीत नाही. पण तिकीट काढायचं असेल तर आता काढ. नंतर बसून जाता येणार नाही."

वाफ्याकडे बघत ती म्हणाली, "आंबट हाय गं यंदाचं." आणि थोड्या वेळाने, "मागचं रोप बघ, पार बोडकं केलंस. एक तर ठेवायचं."

रडली नाही. मीही नाही. येताना गाडीत इम्रानला तिने एगैल्याच्या मॉलपाशी थांबवलं आणि पायात घालायला गरम मोजे घेतले. विमानात थंडी असते म्हणाली. त्याच संध्याकाळी तिने महेशला सांगितलं, माझं तिकीट काढ, खिडकीचं.

दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात. बूटही काढले नाहीत. "तुम्हाला काय अधिकार होता, मावशी?"

"तिने विचारलं."

"तुम्ही डॉक्टर आहात? ती आता औषध घ्यायला तयार नाही. तिने हाय खाल्ली तर?"

"काल तिने मोजे घेतले. हाय खाल्लेली बाई मोजे घेत नाही."

"तुम्हाला काही वाटत नाही का?"

"वाटतं. म्हणून खोटं बोलले नाही."

तो गेला. नंतर लिफ्टमध्ये भेटला तर मोबाइल बघायचा. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण मी समजूत काढायलाही गेले नाही. त्याने रजा मात्र काढली, आणि आईला स्वतः घेऊन गेला. विमानतळावर मी गेले नाही, तिनेच नको म्हटलं. जायच्या सकाळी चाकाच्या खुर्चीत बसून खाली आली, मोजे घातलेले. म्हणाली, "जाते." मी म्हटलं, "जा." एवढीच भेट.

गावाहून थोरल्या मुलाच्या फोनवरून ती बोलायची. पहिल्या फोनला मी विचारलं, काय दिसलं खिडकीतून? म्हणाली, "काही न्हाई गं. नुसता कापूस. एवढ्यासाठी जीव टाकला व्हता." मग सांगितलं की खाट अंगणात टाकली आहे, तिथून रान दिसतं, हरभरा घाट्याला आलाय, शेजारणी येऊन बसतात आणि रडतात, त्यांना चहा पाजून कंटाळा आला. नंतर नंतर आवाज बारीक झाला. मग फोन थोरलाच उचलायला लागला. होळीच्या आधी गेली.

दिवस करून महेश परत आला. मी वर गेले नाही. कोणत्या तोंडाने जाऊ, असं वाटलं म्हणून नव्हे... त्याचं घर, त्याचं दुःख, बोलवेल तर जाईन. मागच्या शुक्रवारी सकाळी बेल वाजली. तो दारात उभा होता, या वेळी चपला काढून. म्हणाला, "मावशी, इम्रान म्हणाला स्ट्रॉबेरीचा शेवटचा आठवडा आहे. चला." मी स्टूल घेतलं.

वाटेत तो गाडी चालवत राहिला. दोन्ही बाजूंना वाळू. बरंच पुढे गेल्यावर म्हणाला, "तुम्ही कोणत्या शब्दांत सांगितलंत तिला?" मी जसं वर लिहिलं आहे तसंच त्याला सांगितलं, आंबट हाय गं इथपर्यंत. तो म्हणाला, "मला म्हणाली, जुबेदाबीला बोल लावू नकोस, तिला मीच कामाला लावलं होतं." थोड्या वेळाने तो म्हणाला, "अंगणातून तिला रान दिसायचं. मी इथे ठेवली असती तर समोरची पार्किंग दिसली असती." मी म्हटलं, "पुढे बघ, उंट आहेत."

शेतात मालकाने मला शालनशिवाय आलेली बघितलं, मागून ती येतेय का बघितलं. मी हाताने वर दाखवलं. त्याने छातीवर हात ठेवला आणि दोन रिकामे डबे दिले. मोसम संपत आला की फळं बारीक होतात, पण गोड असतात. मी माझ्या वाफ्यात, महेश पलीकडच्या. त्याच्या पाठीकडे बघून मला कळत होतं की त्याने हे काम कधी केलेलं नाही. गुडघ्यावर बसत होता, दोन हातांनी ओढत होता. पाठ दुखली म्हणून मी उठले आणि त्याच्या मागून चालत गेले. त्याने केलेली रोपं बघितली. प्रत्येकावर पानाआड एक लाल तसंच होतं.

मी म्हटलं, "हे तुला तिने शिकवलं?"

तो म्हणाला, "काय?" त्याने मागे वळून बघितलं. त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं. लहानपणी बोरं तोडताना पाठीत धपाटा बसायचा, म्हणाला, एक ठेवलं नाही तर.

मी परत माझ्या वाफ्यात गेले. निघताना वजन झालं तेव्हा दोन्ही डबे पुरते भरले नव्हते.