हौसरावाची कंबर आणि अंजनाची गाय

कासुर्डीच्या हौसरावाची कंबर धरली की अख्ख्या आळीला कळायचं. गडी सहा फुटी, पण उठताना असा विव्हळायचा की शेजारची म्हातारी दारात येऊन विचारायची, कोण गेलं रं? दुखणं खरं होतं हो. खोटं होतं ते त्याचं कारण, आन् ते हौसरावानं स्वतःच्या अकलेनं शोधलेलं होतं, तिथंच घोडं पेंड खात होतं.

आधी त्यानं गादी बदलली, मग मोटारसायकलचं सीट. मग कुणाची तरी दृष्ट लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळून घेतल्या. शेवटी बोट गेलं गोठ्यातल्या हरणीवर. संध्याकाळची धार तोच काढायचा, उकिडवा बसून. लग्नाहून आला की धारेला बसायचा आन् दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर जाम. झालं, ठरलं. गाईनं कंबर खाल्ली, गाय विकायची.

हरणी म्हंजी त्याच्या बायकोचा, अंजनाचा जीव. हरणी वासरू असतानाच तिची आई मेली, तेव्हा अंजनानंच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती म्हणाली, दोन्ही वेळची धार मी काढते, पण गाय ठेवा. हौसरावाला ते पटेना. बायकोला एकटीला राबवतो असं लोक म्हणतील ना! त्यानं व्यापाऱ्याला निरोप धाडला. अंजनानं पुढ्यातलं ताट सारलं.

व्यापारी यायच्या दिवशीच सकाळी कंबरेनं पुन्हा दगा दिला. तसाच वाकडातिकडा होऊन तो दौंडला फिजिओथेरपीवाल्या समृद्धी मॅडमकडं गेला. पोरीच्या वयाची डॉक्टर. तिनं कंबर तपासली आन् विचारलं, दुखत नाही कधी ते सांगा.

"आषाढ लागला की दिवाळीपर्यंत झक्कास असतो बघा," हौसराव फुशारकीनं म्हणाला.

त्या दिवसांत कुठलं काम बंद असतं, तिनं विचारलं. बंद कसलं? खुरपणी हाय, फुलांची तोडणी हाय, धार तर रोजचीच. गाय काय चातुर्मास पाळते व्हय, असं तो हसत म्हणाला, आन् त्याचं तोंड उघडंच राहिलं. चातुर्मासात बंद असतात ती लग्नं.

आन् आसपासच्या कुठल्याही लग्नात मानकऱ्यांना फेटा बांधावा तो हौसरावानंच. फुकट! माईकवरून नाव पुकारलं की ह्याची छाती वीतभर फुगायची. मानकरी खुर्च्यांवर बसलेले, आन् हा ताडमाड गडी सकाळपासून एकेका डोक्यावर ओणवा. जरा उभे राहा म्हणावं, तर पाहुण्याचा मान जातो. हे ऐकल्यावर मॅडमनं स्वतः खुर्चीत बसून, टॉवेल देऊन फेटा बांधायला लावलं. दुसऱ्याच वेढ्याला अशी कळ आली की हौसरावाच्या डोळ्यांत पाणी तरारलं. कळेचं थोडं, लाजेचं जास्त.

घरी आला तर व्यापारी दावं सोडत होता. अंजना भिंतीकडं तोंड करून उभी होती. वाटेत हौसरावानं पुष्कळ बहाणे जुळवून ठेवले होते. गाय गाभण असेल, अमावस्या जवळ आलीय, असलं काहीबाही. तिची पाठ बघितली आन् त्यातला एकही तोंडातून निघेना.

"गाय ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तिचा काय दोष न्हाई. माझी कंबर मिरवण्यानं मोडली."

मग त्यानं सगळं सांगितलं, व्यापाऱ्यादेखत. व्यापारी पोट धरून हसला. जाता जाता म्हणाला, माझ्या पोराच्या लग्नात तुमच्यासाठी पाहुणे उभे करतो.

अंजना हसली नाही. तिनं हरणीला पुन्हा खुंट्याला बांधलं, तिच्या गळ्याला मिठी मारून पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसलं, आत जाऊन धुतलेली चरवी आणली आन् नवऱ्याच्या हातात दिली.

"गाईनं दुखत न्हाई ना? मग आजपासून दोन्ही वेळची धार तुमची."