पाचवं बोट

आमच्या सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, छत्तीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका काढल्या. निवृत्त झाल्यावर त्यांना कोंबड्यांच्या चुका काढायला मिळाल्या, म्हणून घरातली आम्ही माणसं थोडक्यात वाचलो. तोवर माझ्या किराणाच्या यादीवर रोज लाल पेन्सिल चालत होती. यादी शुद्ध व्हायची आणि सामान आणायचं राहून जायचं.

छापखान्यात त्यांना कानामात्रा म्हणत, अर्थात पाठीमागे. एकदा एका निधनाच्या जाहिरातीत पत्नीचं नाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहून आलं. बाबांनी सरळ त्या घरी फोन लावला. बाई रडायला लागल्या. ‘रडा नंतर, आधी ऱ्हस्व का दीर्घ तेवढं सांगा,’ असं ते म्हणाले होते. ही गोष्ट ते स्वतःच सांगतात, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना अजून कळलेलं नाही.

कोंबड्या आल्या शेजारच्या सुईणबाईंकडून. त्या मुलीकडे कायमच्या राहायला निघाल्या होत्या. एक कोंबडा आणि चार कोंबड्या त्यांनी आमच्या परसात आणून सोडल्या. बुटक्या, रुंद छातीच्या, विटकरी रंगाच्या. साध्या कोंबडीला पायाला चार बोटं असतात, यांना पाच. पाचवं मागच्या बाजूला, जमिनीला न टेकता वर वळलेलं.

“ही जात आता कुणाकडे नाही,” सुईणबाई म्हणाल्या. “अंड्यालाही चांगली, मांसालाही चांगली. पण आता लोकांना अंड्यांची वेगळी लागते, मांसाची वेगळी. दोन्ही कामं करणारीला कुणी विचारत नाही.”

“हे मला सांगता?” आमच्या सासूबाई म्हणाल्या.

सुईणबाईंची एकच अट होती. चार बोटांचं पिल्लू निघालं की ते बाजूला काढायचं. त्याची पैदास होऊ दिली की थोड्या वर्षांत जात संपली. बाबांना असा शब्द देण्याची हौसच होती. त्यांनी त्याच दिवशी वही आणली.

पिल्लं निघाली की बाबा खिडकीपाशी टेबल लावून बसत. छापखान्यातलं भिंग, लाल पेन्सिल, वही. एकेक पिल्लू हातात घेऊन बोटं मोजायची, पंखाला नंबराचा बिल्ला लावायचा आणि नंबर वहीत लिहायचा. पाच बोटं भरली तर ठीक, नाहीतर नंबरावर लाल रेघ आणि पिल्लू खोक्यात. त्यांनी एकदा तपासलेलं दुसऱ्यांदा तपासायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

नियमाने खोक्यातल्यांनी मोठं होऊन पातेल्यात जायचं होतं. पहिल्या वर्षी एक चारबोटी कोंबडा घेऊन बाबा खाटकाकडे गेले आणि तासाभराने एका काखेत कोंबडा, दुसऱ्या हातात कोबीचा गड्डा घेऊन परत आले. खाटकाकडे गर्दी होती, म्हणाले. मी तिथूनच आले होते, दुकानात काळं कुत्रं नव्हतं. तेव्हापासून खोकं परस्पर त्यांच्या मित्राकडे जायला लागलं. हा मित्र घड्याळजी, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहणारा. मोठी झाली की त्याने खायची, असं ठरलेलं.

गेली दोन वर्षं खोकं जास्तच भरायला लागलं. बाबांनी आधी कोंबड्याला दोष दिला, मग दाण्याला, मग दाणा मी आणते म्हणून मला. भिंग इतकं जवळ न्यायचे की पिल्लू काचेवर चोच मारायचं. मला दिसत होतं. एकदा मी म्हणाले, “बाबा, डोळे दाखवून येऊ या का?” चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. यादीवर मात्र पेन्सिल चालू होती.

मग मानमोडी आली. हा कोंबड्यांचा रोग, यात मान पिरगळते आणि पाय लुळे पडतात. आठ दिवसांत एकोणीसच्या एकोणीस पक्षी गेले, कोंबडा शेवटी. जनावरांच्या डॉक्टरांनी चुना टाकून खोल पुरायला सांगितलं आणि तीन महिने नवीन पक्षी आणू नका म्हणाले. बाबांनी प्रत्येकीचा पाय हातात धरून मगच तिला खड्ड्यात ठेवलं. वहीच्या पानावर आडवी रेघ मारली.

“मी त्या बाईंना शब्द दिला होता,” एवढंच म्हणाले.

त्यानंतर त्यांनी माझी यादी दुरुस्त करणं सोडलं. मी मुद्दाम ‘साखर’ चुकीची लिहिली. ते निमूटपणे साखर घेऊन आले. मी घाबरले. माणूस चिडका असला तर त्याची सवय होते, पण हे मला बघवेना.

महिन्याभराने त्यांचं मनगटी घड्याळ बंद पडलं, ते घेऊन मी घड्याळजीकडे गेले. पुढच्या खोलीत दुकान, मागे अंगण. अंगणात विटकरी कोंबड्या उकरत होत्या. एक पायापाशी आली. मी सहज मोजलं. मग खाली बसून पुन्हा मोजलं.

“पाचच आहेत,” घड्याळजी दारातून म्हणाले. “मी दोन वर्षांपूर्वीच बघितलं.”

“मग बाबांना सांगितलं का नाही?”

“काय सांगू? तुझी नजर गेली म्हणून? जन्मभर नजरेवर पोट भरलं त्या माणसाने.” त्यांनी मान खाजवली. “शिवाय अंडी चांगली देतात हो.”

“आणि खायचं ठरलं होतं ते?”

“सुरुवातीच्या चार खाल्ल्या. त्या खरंच चारबोटी होत्या. छान होत्या.”

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, सुईणबाईंनी आणखी पाठवल्या असं सांगू, बाबांना लागेल मनाला. मीही रात्रभर तसाच विचार केला. पण खोटं सांगायचं म्हटलं तरी त्यात बाबा चूक काढणारच.

दुसऱ्या दिवशी, रोग तिकडे जायला नको म्हणून कपडे-चपला बदलायला लावून बाबांना घड्याळजीकडे नेलं. वही पिशवीत घेतली. खुर्चीत बसवलं आणि एक कोंबडा मांडीवर ठेवला. त्यांनी सवयीने खिशातलं भिंग काढलं, डोळ्यापाशी नेलं आणि परत खिशात ठेवलं. मग अंगठ्याने पाय चाचपला. पुढची तीन. मागचं एक. अंगठा तिथे थांबला आणि हळूच वर सरकला.

“हा कुठला?”

“तुम्ही टाकलेला. गेल्या वर्षीचा.”

“म्हणजे माझी चूक.”

“हो, बाबा.”

“एवढी एकच?”

“अकरा. नऊ कोंबड्या, दोन कोंबडे.”

घड्याळजींनी एक दुरुस्त झालेलं घड्याळ उघडलं आणि त्यात डोकं घातलं. बाबा कोंबड्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचा चेहरा बघून वाटलं, सांगायला नको होतं.

“सगळ्या आणा,” ते म्हणाले.

एकेक करून त्यांनी अकराही चाचपल्या. मग वही मागितली. मी बिल्ल्यावरचा नंबर वाचायचा, वहीतली त्या नंबराची ओळ शोधायची आणि तिच्यावर त्यांचं बोट नेऊन ठेवायचं. छापखान्यात चुकून खोडलेला शब्द पुन्हा ठेवायचा असला, की त्याच्याखाली टिंबं देतात. बाबा लाल रेघेखाली टिंबं द्यायला लागले. निम्मी टिंबं खालच्या ओळीवर पडत होती.

अकराव्या नंबराखाली टिंबं देऊन झाल्यावर त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली.

“इथून पुढे तू मोज,” म्हणाले. “आणि त्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घे. साखर लिहितेस तशी लिहून आणू नकोस.”