यमुनाबाईंच्या पिशवीतला जिन

यमुनाबाईंच्या पिशवीत खुलताबादहून आणलेला जिन आहे आणि पोरांच्या मनातलं तोच बाईंच्या कानात सांगतो, ही आवई रिमांड होममध्ये पहिल्याच दिवशी कळायची. जिनबिन काही नव्हता. कोऱ्या तक्त्यांचा गठ्ठा होता. कुठल्या पोराला शाळा हवी, कुणाला औषध, कुणाला हाताला हुन्नर, हे लिहायचं बाईंचं काम. त्यासाठी त्या पोराच्या घरी जात, तो राबायचा तिथं जात, मग पंगतीमागं गुपचूप उभ्या राहत.

पण अठ्ठ्याहत्तरच्या कर्फ्यूत सगळ्यांची नक्कल करणाऱ्या सोयगावकडच्या मल्हारीलासुद्धा जिन खरा वाटू लागला. नामांतराच्या दंगलीनं शहराची वाचा बसलेली. भरदुपारी कुत्रंही भुंकत नव्हतं. अशात नवा आलेला बन्सी भिंतीला दोन्ही तळवे लावायचा आणि म्हणायचा, "गाडी आली." कुणालाच काही ऐकू यायचं नाही. वीस आकडे मोजावेत, तोच पोलिसांची गाडी फाटकाशी हजर! बाईंचा जिन आता याला सांगतो म्हणून पोरं त्याच्याशेजारी निजेनाशी झाली.

पोलीस 'थांब' म्हणाले तरी चालत राहिला, म्हणून बन्सीला धरून आणलेलं. हाकेला तो वळूनही बघत नसे.

"वेडसर आहे," अधीक्षकसाहेब म्हणाले. "सोमवारी वेड्यांच्या इस्पितळात धाडू."

यमुनाबाई कर्फ्यूचा पास काढून चिकलठाण्याला, बन्सी राबायचा त्या कारखान्यात जाऊन आल्या. "दोन वर्षं पत्रा ठोकायच्या मशिनीवर होता तो, साहेब. कान गेलेत त्याचे."

"गाडी बरी ऐकू येते!"

"ऐकू नाही येत. हादरा कळतो हाताला."

मल्हारी मधेच फिदीफिदी हसला. अख्ख्या रिमांड होमचे आवाज त्याच्या गळ्यात होते. "बहिरेपणाचं सोंग करतंय ते, बाई! साहेबांच्या आवाजात खेकसतो, टुणकन उडंल. लावा पैज!"

"लावली. हरलास तर?"

"म्हनाल ते करीन."

पंगत बसली. साहेब दारात उभे. बन्सीच्या पाठीमागून मल्हारी गरजला, "ऊठ रे, हरामखोरा!"

सगळी पोरं ताडकन उभी राहिली. आपलाच आवाज दुसरीकडून आलेला ऐकून साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. बन्सी तेवढा खाली मान घालून वरण ओरपत होता.

साहेब बन्सीपाशी आले. मग म्हणाले, "लिहा बाई. कान तपासा."

"आणि मल्हारी, तू हरलास," तक्ता भरता भरता यमुनाबाई म्हणाल्या. "आजपासून घंटा झाली की बन्सीच्या खांद्यावर टिचकी मारायची. तोंडातून चकार शब्द न काढता."