मागची सीट

चेहऱ्याची उजवी बाजू एका सकाळी चूळ भरताना गेली. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून सरळ गाऊनवर सांडलं आणि मी आधी चिडले ती ब्रशवर. डॉक्टर म्हणाले, नस सुजलीय, येईल परत, वेळ द्या. वेळ! मला कुकरच्या तिसऱ्या शिट्टीपर्यंत धीर नसतो.

फिजिओथेरपी तुबलीला, गॅरेजांच्या रांगेमागे. तिथली केरळची बाई माझ्या गालाला दोन बोटं लावून म्हणायची, "मॅडम, जोर नहीं. थोडा-थोडा." भुवई किंचित वर, नाकपुडी किंचित आत, ओठांचा किंचित चंबू. सगळं मेलं किंचित! जोर लावलात तर पुढे हसताना डोळा मिटायला लागेल, अशी तंबीही तिने दिली होती. तरी मी लिफ्टमध्ये, सिग्नलला, भाजी परतताना तोंड वेंगाडत होतेच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय.

खरं झोंबलं ते वेगळंच. इथे आखातात स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे शेजारी बसणाऱ्याला माझी नेमकी उजवी बाजू दिसते. माझी बारा वर्षांची लेक शाळेतून येताना पुढे बसायची, गाणी बदलण्यावरून भांडायची. त्या आजारपणानंतर मी पुन्हा गाडी चालवायला लागले, तर ती गुपचूप मागे, मधोमध जाऊन बसली. "बॅक इज फाइन, आई." रोज तेच. पोटच्या पोरीला माझं तोंड बघवत नाही, असंच मी धरून चालले. फार रडू यायचं. उजवा डोळा तसाही दिवसभर पाझरत असायचा, त्यामुळे ते कुणाला कळायचंही नाही.

एका दुपारी सनाबिसच्या सिग्नलला थांबलो होतो. मी गॉगल काढला आणि आरशासमोर डोळे गच्च मिटायला लागले.

"आई, स्टॉप. यू आर पुशिंग."

माझी आग मस्तकात गेली. "तुला गं काय करायचंय? माझ्याकडे बघवत नाही म्हणून मागे बसतेस ना? बस मग गप्प!"

 ती अडखळत, चक्क मराठीत म्हणाली, "पुढून फक्त ती साइड दिसते. ती हलतच नाही. मला भीती वाटते. इथून आरशात तुझे दोन्ही डोळे दिसतात."

मी मागे वळले.

"आणि तू बंद केलेस की तुला कळतच नाही, नीट झाले की नाही. म्हणून मी बघते."

खरंच की! मिटलेला डोळा आपला आपल्याला कसा दिसणार? इतके दिवस आरशासमोर मी काय बघत होते कोण जाणे. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला. "हो रे बाबा, यल्ला, निघाले," म्हणत मी गाडी काढली.

घराखाली गाडी लावली, तरी दोघी उतरलो नाही. मी आरसा तिच्याकडे नीट वळवला आणि डोळे मिटले. जोर न लावता.

"झाला का गं?"

माझ्या मानेवर तिचा श्वास लागत होता, इतकी ती पुढे वाकली होती.

"नाही. अजून किंचित उघडा आहे," ती म्हणाली. "परत कर."