दीपमाला मॅडम आणि सहा कासरे

घाटनांदुरात अशी बातमी होती की कॉलेजातल्या दीपमाला जोगदंड मॅडम दर रविवारी सिदू खाटकाकडून बकऱ्याच्या मानेतल्या गाठी नेतात आणि त्यांवर करणी करतात. ही बातमी सांगणारा प्रत्येक जण आधी म्हणायचा, "आपल्याला काय करायचंय बाबा," आणि मग अर्धा तास तेच करायचा. आवाज खाली, मान पुढं, डोळे रस्त्यावर. "मी न्हाई म्हनत, लोक म्हनत्यात. अमुशाला तर दोनदा नेत्या म्हणं." लोक म्हणजे कोण, हे विचारलं की माणूस पान थुंकायला उठायचा.

खरं एवढंच की मॅडम गाठी न्यायच्या. आमच्याकडं रविवारी चार-पाच घरं मिळून बकरं घेतात आणि ताडपत्रीवर त्याचे सारखे वाटे पडतात. प्रत्येक वाट्यात थोडी कलेजी, थोडं हाड, थोडी चरबी. कुणाला कमी पडलं तर तिथंच आवाज चढतो. पण मानेतल्या, काखेतल्या त्या हरभऱ्याएवढ्या करड्या गाठी कुठल्याच वाट्यात जात नाहीत, त्या कुत्र्याला जातात. मॅडम कुत्र्याच्या आधी पोचायच्या. त्या गाठींना पुस्तकात लसिका ग्रंथी म्हणतात. मॅडम त्या औषधी पाण्यात कडक करून ब्लेडनं उभ्या चिरायच्या आणि बारावीच्या पोरांना भिंगाखाली दाखवायच्या. करणी करायला बाईला सवड कुठली? सकाळी चार तास, दुपारी प्रयोगवही, आणि उरल्या वेळात प्राचार्यांच्या मुलीचं प्रोजेक्ट.

मॅडम मूळच्या गेवराईकडच्या. वडील भारत जोगदंड पोस्टमन, आई मुक्ताबाई अंगणवाडीत. शिकायला संभाजीनगरला होत्या तेव्हा दोन वर्षं त्यांनी प्रयोगशाळेत गाठींचे काप काढले, केसापेक्षा पातळ. तिथून इथं आल्या त्या तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नवी ऑर्डर. सहा जून गेले. सातव्या जूनच्या आधी विजयसिंह सरांचा अर्ज आला.

विजयसिंह सर म्हणजे स्टँडसमोरचे 'विजयी बायोलॉजी' क्लासेस. बारा महिने अंगात क्लासचं नाव छापलेला पिवळाधमक टी-शर्ट. त्यांना मॅडमचे तास हवे होते, कारण बोर्डावर 'प्राध्यापक' लिहायचं राहिलं होतं. सरांचं शिकवणं असं: "विद्यार्थी मित्रहो, लिम्फ नोड म्हणजे काय? पोलीस चौकी. पोलीस चौकी म्हणजे काय? लिम्फ नोड. शत्रू दिसला की ठोक. लिहून घ्या, शंभर टक्के येतं." पोरं लिहून घ्यायची. चौकीच्या आत काय आहे हे कुणी विचारलंच तर सर म्हणायचे, "ते सिलॅबसला न्हाई."

अर्जात लिहिलं होतं की सदर शिक्षिका वर्गात मांस आणतात, त्यानं भावना दुखावतात. अर्जदार स्वतः रविवारी दोन वाटे घेतात, ते अर्जात नव्हतं. प्राचार्य रामप्रसाद लोमटे यांनी मॅडमना बोलावलं. प्राचार्यांना कुठलाही निर्णय घ्यायचा झाला की आधी खुर्चीवरचा निळा टॉवेल नीट करावा लागतो.

"मॅडम, माझं काय न्हाई," ते टॉवेल ओढत म्हणाले. "पण समाज हाय, पालक हायत. शनिवारी पालक समितीपुढं पाठ घ्या. गाठ आणायची न्हाई. सर पण येतील. समितीला ज्याचं पटंल त्याची ऑर्डर."

"गाठ न आणता गाठ शिकवू?"

"तुमी हुशार हाव की."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. समोरचा मूर्खासारखं बोलला की त्या चष्मा पुसतात, आणि प्राचार्यांच्या केबिनमधून त्या नेहमी लखलखीत काचा घेऊन बाहेर पडतात. त्या दिवशी मात्र व्हरांड्यात आल्यावरही त्या काचा पुसतच राहिल्या. ऑर्डर गेली तर वर्ष गेलं, आणि ह्या वयात दुसरीकडं कोण उभं करतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. मग वर्गात येऊन म्हणाल्या, "उद्या ज्याच्या घरी असंल त्यानं बैलाचा कासरा आणा. सहा पायजेत. आणि टेलरकडच्या रंगीत चिंध्या."

शनिवारी पत्र्याच्या शेडमध्ये समिती बसली. समिती म्हणजे मुख्यतः वत्सलाबाई, कारण बाकीचे दोघं चहासाठी आले होते. वत्सलाबाईंचा मुलगा अकरावीत, हातात हिरवी पिशवी, आणि न पटलेल्या गोष्टीला "का बरं?" विचारायची खोड. प्राचार्यांची खुर्ची टॉवेलसकट आली. शेजारी सर, पिवळे.

मॅडमनी शेडच्या खांबांना कासरे आडवेतिडवे बांधून एक लांब वळणाची वाट केली होती. कासऱ्यांवर चिंध्या टांगल्या: पिवळ्या, हिरव्या, निळ्या. शेवटी एक बाक, आणि पलीकडं दाराला काळी पॉलिथिनची पिशवी, म्हणजे शत्रू. चोवीस पोरांच्या हातात चिठ्ठ्या. सहांच्या चिठ्ठीवर पिवळा, सहांच्या हिरवा, सहांच्या निळा, सहांच्या काळा.

"ही पोरं म्हणजे पांढऱ्या पेशी, कोवळे शिपाई," मॅडम वत्सलाबाईंना म्हणाल्या. "प्रत्येकाला एकच रंग ओळखता येतो. घंटा झाली की तो रंग दिसंल तिथं झडप घालायची. पण कुणाच्या नशिबात कुठला रंग येईल ते आधी ठरलेलं नसतं. शत्रूचा येतो, तसा आपल्याच अंगाचाबी येतो."

"मंग आपल्यालाच खातील की."

"खातील. पहिली चाळणी छातीत होते, तिथनं बरेच बाद होतात. निसटलेले गाठीत येतात. गाठ म्हणजे नुसती थैली न्हाई बाई. आत जाळी असते, अशी." त्यांनी कासऱ्यावर हात ठेवला. "ही जाळीबी जित्या पेशींचीच. शिपाई तिला धरून धरून चालतात. आणि ती जाळी स्वतःच्या अंगावर नमुने टांगून बसते, थोडं आतड्याचं, थोडं कातडीचं. जो शिपाई घरच्या नमुन्यावर उडी घालतो, त्याला तिथंच बसवते. बसला तो उठत न्हाई."

सर हसले. "कासरा कधी शिकवतो का मॅडम? काय हे, विद्यार्थी मित्रहो."

पोरं निघाली. कासऱ्याला हात लावून एकामागं एक. पिवळीवाला पिवळ्या चिंधीशी पोचला की मटकन खाली. हिरवीवाला हिरवीशी. बाकापर्यंत पोचले फक्त काळ्या चिठ्ठीचे सहा. घंटा झाली आणि त्यांनी दाराची काळी पिशवी फाडून टाकली. संपलं. सगळं इतकं शांततेत झालं की समितीतल्या एकाला जांभई आली.

सर उठले. ही त्यांची वेळ होती, आणि ती त्यांनी सोडली नाही. "सायेब, याच्यात कासऱ्याचं काय काम हाय सांगा. पोरं तीच, चिठ्ठ्या त्याच, चिंध्या त्याच. उगं दोऱ्या बांधून टाइमपास. मी सांगतो, सोडा दोऱ्या, तरी हेच हुणार. लिहून घ्या."

प्राचार्यांनी टॉवेल नीट केला. "सोडा."

मॅडमनी कासरे सोडले, चिंध्यांसकट गोळा करून मधोमध ढीग घातला. दाराला नवी काळी पिशवी लावली. पोरं पुन्हा निघाली, पण आता वाट नव्हती. ढिगाकडं कोण बघतंय, सगळी सरळ पळत बाकावर. चोवीसच्या चोवीस. घंटा झाली.

काळ्यांनी पिशवी फाडली. हिरवे सहा वत्सलाबाईंच्या पिशवीला लोंबकळले आणि त्यातलं गवारीचं पुडकं फुटलं. निळ्यांनी टॉवेल ओढला, आणि टॉवेलाला टेकलेले प्राचार्य अर्धे खुर्चीत, अर्धे हवेत. आणि पिवळे सहा सरांवर. एकानं बाही धरली, एकानं गळा, दोघं पाठीवर चढले.

"सोडा बे," सर ओरडत होते, "आरं सोडा, मी आपलाच हाय."

"तेच सांगत होते सर," मॅडम म्हणाल्या. "चिंध्या तेवढ्याच हायत, पोरं तेवढीच. तुमी फक्त वाट काढून घेतली. आपलं कोण हे पोराला कुणी दाखवलंच न्हाई."

सरांचा टी-शर्ट 'विजयी'च्या मधोमध फाटला. पोरांना आवरायला घंटा दोनदा वाजवावी लागली. दुसऱ्यांदा मॅडमनी जरा उशिरानंच वाजवली, असं माझं मत आहे.

वत्सलाबाई गवार वेचत होत्या. वेचता वेचता म्हणाल्या, "माझ्या जावंचे सांधे सुजत्यात. डॉक्टर म्हनला, तुमचंच रगत तुमच्या सांध्याला खातंय. मला वाटलं, कायतरी सांगून पैशे काढतोय. ते असंच का?"

इथं मॅडम मोठेपणा मारू शकल्या असत्या. सरांनी तर नक्की मारला असता. "त्याच जातीचं," त्या म्हणाल्या. "पण एकट्या गाठीचंच चुकलंय असं मी न्हाई सांगू शकत. आणखी बरंच असतं त्यात. डॉक्टर खरं बोललाय, गोळ्या बंद करू देऊ नका."

वत्सलाबाईंनी वेचलेली गवार पिशवीत टाकली. मग प्राचार्यांकडं वळल्या. "सायेब, ह्या बाईला ठिवा. आन् गाठ आणू द्या वर्गात. आमच्या वाट्यातली मी देते."

"मी तेच म्हणत होतो," प्राचार्य म्हणाले. "प्रात्यक्षिकाशिवाय विज्ञान न्हाई. म्हणून तर मी पाठ ठेवला." टॉवेल त्यांच्या मांडीवर होता, चोळामोळा झालेला, पण आवाज अगदी ध्वजारोहणाचा. सर तोवर मागच्या दारानं गेले होते, छातीवर वही धरून.

ऑर्डर सोमवारी निघाली.

मी त्याच कॉलेजात मराठी शिकवते, आणि शुक्रवारी मी मॅडमशी पैज लावली होती की ऑर्डर सरांनाच मिळणार, कारण मी प्राचार्यांना ओळखते. मॅडम म्हणाल्या होत्या, जो हरेल त्यानं लसिका ग्रंथीचा उभा छेद, आतल्या जाळीसकट, पुस्तक न बघता फळ्यावर काढायचा. सोमवारी मी काढला, मॅडमनी पुसला. मंगळवारी जाळी विसरले. आज गुरुवार आहे, आणि त्या चौथ्यांदा डस्टर घेऊन उभ्या आहेत.